कॅलेंडरचं पॅकिंग

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकला असशील. आपल्या घरात पत्रं लिहायची ती फक्त आई. माझं लिहिणं म्हणजे सही, आणि तीही अशी की बँकेतली मुलगी दर वेळी म्हणते, काका, जरा मागच्यासारखी करा ना. फोन करून मोकळा झालो असतो. चार वेळा केलाही. तू 'बोल दादा' म्हणालास की माझी गाडी हवापाणी, तुझा रक्तदाब, जावयाची बदली असे तीन थांबे घेऊन परत डेपोत. म्हणून कागद घेऊन बसलोय. जेवणाचं टेबल वर्षभराने रिकामं झालंय. तुझ्या वहिनीने त्यावर नवं कापड घातलंय आणि मला सक्त ताकीद आहे की शाई सांडलीत तर जिन्याखालची जागा सध्या मोकळीच आहे.

ती जागा मोकळी का, तर आपलं इंजिन तिथून निघालं आणि चालू झालं. घे, सांगून टाकलं. बातमी माझ्या पोटात राहत नाही. गेल्या रविवारी सकाळी, आपल्या मागच्या अंगणात, पाच म्हाताऱ्यांच्या आणि एका तक्रार करायला आलेल्या शेजाऱ्याच्या साक्षीने ते चालू झालं, आणि असं चाललं की त्या शेजाऱ्याने तक्रार बाजूला ठेवून खुर्ची मागितली. हो, तेच इंजिन. एका पिस्टनचं, साडेतीनशे सीसीचं. त्याच्यापायी मी तुला 'कोरडा' असं नाव पाडलं आणि तू हातातला पाना खाली ठेवलास तो एकतीस वर्षांत उचलला नाहीस, मोटारसायकलवर बसला नाहीस. ते मी हौसेने उघडलं असं समजू नकोस. त्या दिवशी चूक कोणाची होती ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं. काय दिसलं ते क्रमाने सांगतो. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगतो, कारण हे पत्र तुझ्या मुलीने आणि जावयानेही वाचावं अशी माझी इच्छा आहे. आणि शेवटचं पान आधी उघडू नकोस. लहानपणी रहस्यकथा तशीच वाचायचास आणि मला खुनी सांगून टाकायचास.

सुरुवात तुझ्या मुलीच्या लग्नात झाली. जेवणं आटोपली, तुझी व्याही मंडळी खुर्च्या ओढून बसली, आणि कोणीतरी म्हणालं, दादा, ती शर्यतीची गोष्ट होऊन जाऊ द्या. मला आग्रह लागत नाही हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. सुरू झालो. दोघे भाऊ, भंगारातून उचललेली मोटारसायकल, आठ महिने राबून उभी केलेली. मोठा मेकॅनिक, धाकटा स्वार. मातीच्या मैदानावर दहा फेऱ्यांची शर्यत. त्या दिवशी सकाळी, शेवटची खात्री म्हणून इंजिनाच्या बाजूचं टाइमिंग कव्हर उघडलं तर आतलं पॅकिंग फाटलं. पॅकिंग म्हणजे काय हे मी व्याह्यांना समजावतो: दोन धातूंच्या मध्ये बसतो तो कागद, तेल बाहेर येऊ नये म्हणून. दुकानं बंद. मग मोठ्या भावाने काय केलं? भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, जाड पान कव्हरवर धरलं, हातोडीने कडेकडेने ठोकत गेला आणि पाच मिनिटांत नवं पॅकिंग कापलं! इथे मी थांबतो. लोक 'वा' म्हणतात. मग मैदान, धाकटा तिसऱ्या फेरीत सगळ्यांच्या पुढे, आणि अचानक इंजिन जाम, गाडी आडवी. का? तर मोठ्याला कॅलेंडरातून पॅकिंग काढायचं सुचलं, धाकट्याला तेल बघायचं सुचलं नाही. खालचं बूच उघडलं तर थेंब नाही. कोरडं! इथे लोक हसतात. आणि मग मी शेवटचा टोला देतो: तेव्हापासून ह्याचं नाव कोरडा, आणि हा कोरडा नोकरीला लागला कुठे, तर पाणीपुरवठ्यात.

तुझ्या व्याह्यांना तो टोला इतका आवडला की त्यांनी तिथल्या तिथे तुझ्यापुढे ग्लास धरला, 'कोरडे साहेब, पाणी घ्या.' तूही हसलास. आता माझे कान तुला माहीत आहेत. मी धंद्यात पडलो तेव्हा माझ्याकडे ना शिक्षण ना यंत्रं, एवढे दोन कान होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि कुठलं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते मी गिऱ्हाइकाला सांगायचो. त्या दिवशी तुझं हसू ऐकलं. वरवर अगदी बरोबर, लोक हसले त्याच क्षणी, तेवढंच. पण आत काहीतरी घासत होतं. इतकी वर्षं घासत असणार. मी ऐकलं पहिल्यांदा, कारण त्या दिवशी समोर तुझी मुलगी होती आणि ती हसत नव्हती. तिने व्याह्यांच्या हातातला ग्लास हळूच काढून घेतला, टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. धाकट्या, मला वकिलांनी बघितलंय, आयकरवाल्यांनी बघितलंय. असं कोणी बघितलं नव्हतं.

परतताना तुझी वहिनी तासभर गप्प. ती गप्प म्हणजे हवामानखात्याचा इशाराच. मग म्हणाली, "एकतीस वर्षं तीच गोष्ट सांगताय. एकदा तरी ते इंजिन उघडून बघितलंत का?" नव्हतं बघितलं. बूच उघडलं, थेंब आला नाही, अकरा माणसांच्या देखत तुझ्या थोबाडीत मारली आणि इंजिन पोत्यात बांधून गाडीच्या सांगाड्यासकट जिन्याखाली ढकललं. तू सांगत होतास की तेल मी स्वतः बघितलं होतं, गाडी आडवी पडली तेव्हा तेलाच्या टाकीचं झाकण तुटलं, सगळं तेल मातीत गेलं. मी म्हणालो, गोष्टी रचू नकोस. गोष्टी रचायचा मक्ता माझा होता ना! दुसऱ्यांची शेकडो इंजिनं उघडणाऱ्या माणसाने आपल्या घरातलं एक उघडलं नाही. मेकॅनिकला याहून मोठी लाज नसते.

वर्कशॉप आता तुझी पुतणी चालवते आणि माझ्याहून बरं चालवते, हे मी तिच्यासमोर बोलत नाही. तिथे इंजिन नेलं असतं तर ती म्हणाली असती, बाबा, बाजूला व्हा, मी करते. म्हणून घरीच घेतलं. जेवणाच्या टेबलावर आधी वर्तमानपत्रं, त्यावर जुनी चादर, त्यावर ते धूड. तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "घरात एक जाम झालेला म्हातारा होता, आता दोन झाले." पिस्टन सिलिंडरला असा धरून बसला होता की जणू घटस्फोटाची नोटीस मिळालीय. रॉकेल आणि डिझेल ओतून नऊ दिवस ठेवला, रोज लाकडी ठोकळा ठेवून चार टोले द्यायचे, दहाव्या दिवशी हलला. बाहेर काढला तर अंगभर ओरखडे. कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक तापून निळं पडलेलं. म्हणजे तेलावाचून जळालेलं, अगदी मी म्हणत आलो तसंच. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला बरं वाटलं. मनात म्हटलं, बघा, बरोबरच होतो मी. आणि त्या आनंदात शीळ घालत टाइमिंग कव्हरचे सहा स्क्रू काढले.

पॅकिंग जसंच्या तसं होतं. तेलाने पिवळं पडलेलं, पण कॅलेंडरचे आकडे वाचता येत होते. सतरा, अठरा, आणि खालच्या कडेला चोवीस. आता तुला हे सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. पंपाने ढकललेलं तेल क्रँककडे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याकडे, जातं ते या पॅकिंगला ओलांडून. इंजिनाच्या अंगाला एक छिद्र, समोर कव्हरला एक छिद्र, आणि मधल्या कागदाला तिसरं भोक हवं, मटारच्या दाण्याएवढं. स्क्रूंची सहाच्या सहा भोकं मी पाडली होती. काय सुबक! तेलाचं नव्हतं. जिथे ते असायला हवं तिथे चोवीस तारीख होती, अखंड, आणि पंपाने मागून तेल रेटून रेटून तिच्याभोवती काळी गोल कडी उमटवली होती. घरातला मोठा दिवस विसरू नये म्हणून कोणी कॅलेंडरवर गोल करून ठेवावा तशी.

टाकीत तेल होतं, धाकट्या. तू बघितलं होतंस आणि ते काठोकाठ होतं. ते पुढे जाणार कुठून? त्याच्या वाटेत मी आख्खा महिना आडवा लावला होता. आणि एकतीस वर्षं मी ही गोष्ट सांगताना ज्या जागी थांबून 'वा' घेत होतो ना, तुझं इंजिन नेमकं त्याच जागी मेलं होतं.

आता मी पडलो हुशार माणूस. वर आलो तो नुसत्या घामावर नाही. कुठे बोलायचं आणि कुठे तोंडाला कुलूप लावायचं हे कळत होतं म्हणूनही आलो. ते पॅकिंग मी शर्टाच्या खिशात घातलं आणि चार दिवस फिरलो. गॅस पेटवून वर धरलं असतं तर संपलं होतं. तुझी वहिनी रोज विचारायची, मिळालं का काही? मी म्हणायचो, गंज फार आहे. चौथ्या दिवशी तिने धुण्याआधी खिसे तपासले. पॅकिंग दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं आणि म्हणाली, "हे काय, जुनं कॅलेंडर घेऊन फिरताय? कुठली तारीख चुकलीय?" मी म्हणालो, चोवीस. आणि मग सगळं सांगितलं. वाटलं आता तोफ सुटणार. ती बादलीशेजारच्या स्टुलावर बसली, हात पुसले, आणि म्हणाली, "भावजींना सांगायचं तर आहेच. पण नुसतं सॉरी घेऊन जाऊ नका. सॉरीला चाकं नसतात."

मग लागलो कामाला. चौसष्टाव्या वर्षी मी जेवढा राबलो तेवढा तेहतिसाव्या वर्षी राबलो नव्हतो. आपला तो टर्नर आठवतो ना, कुठलंही काम नेलं की चष्मा कपाळावर सरकवून 'पाव सूत कमी आहे' म्हणायचा? तो पाव सूत अजून हयात आहे. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. दुकान विकलं पण लेथ विकला नाही. तो त्याच्या पुढच्या खोलीत आहे आणि सुनेने त्यावर चादर घालून फुलदाणी ठेवलीय. सिलिंडर हातात घेऊन म्हणाला, "हे त्या कोरड्याचं ना?" मी म्हणालो, नाही, माझं आहे. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि फुलदाणी उतरवली. दोन दिवसांनी सिलिंडरचा बोअर आतून असा घासून दिला की आत तोंड दिसावं. पिस्टन मात्र मिळेना. तुझ्या पुतणीने चाळीस ठिकाणी फोन फिरवून एक निवृत्त पोस्टमन शोधला. त्याची तशीच गाडी केव्हाच गेली, पण पिस्टन डब्यात जपून ठेवलेला. म्हणाला, देतो, पण एका अटीवर: चालू झालं की मला फोनवर ऐकवायचं.

घराची दैना तुला काय सांगू. नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी, इंजिनाची केस ओव्हनमध्ये. धातू तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. मग बेअरिंग ठोकावं लागत नाही, टप्पकन आपल्या जागी जाऊन बसतं. ते टप्प ऐकून तुझी वहिनी म्हणाली, "मला या घरात बसवताना एवढी काळजी कोणी घेतली नव्हती." पण व्हॉल्व्ह घासायला बसली तीच. दोन तळव्यांत काडी फिरवत, पेस्ट लावत, मधूनच उचलून जागा बदलत. मी केलेला व्हॉल्व्ह रॉकेल ओतल्यावर गळला. तिचा टिपूस गळू देईना. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, ह्यांचा गळतो. मी लोकांना नीट अर्थ समजावून सांगत बसतो. पेट्रोलची टाकी आणि मडगार्ड आपल्या त्या जुन्या पेंटरने रंगवले, हात थरथरतो पण रेघ ओढताना थरथरत नाही.

आणि शेवटी नवं पॅकिंग. या वेळी चांगला शीट आणला होता. सगळ्यात आधी तेलाचं भोक पाडलं, मग बाकीची सहा. मग तुझ्या पुतणीला दाखवलं. मग तुझ्या वहिनीला दाखवलं. तिने ते डोळ्याला लावून भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दिसताय. लावा."

रविवारी मी माणसं बोलावली. त्या दिवशीच्या अकरा जणांपैकी पाच उरलेत: पाव सूत, पेंटर, वेल्डर, पंक्चरवाला आणि वखारीतला तो मोजणीवाला. त्यांना वाटलं, इंजिन ऐकायला बोलावलंय. मी आधी किक मारली नाही. आधी ते पॅकिंग दोन हातांत धरून वर केलं आणि म्हणालो, त्या दिवशी तुमच्यासमोर मी माझ्या भावाला मारलं. तेल होतं. हे बघा, तेलाची वाट मीच बुजवली होती. हातोहात फिरलं ते पॅकिंग. पंक्चरवाल्याने चोवीस तारखेवर बोट फिरवलं. मग पाव सूत म्हणाला, "म्हणजे कापणारा तू आणि कोरडा तो? एकतीस वर्षं हसलो रे तुझ्या गोष्टीवर. माझं हसू परत दे." मी म्हणालो, आजपासून कोणाला कोरडा म्हणायचंच असेल तर मला म्हणा. वाटलं, मोठ्या मनाने म्हणतील की जाऊ दे, झालं गेलं. हलकट लगेच म्हणायला लागले. "कोरडे, किक मारता की भाषणच?"

पहिल्या सहा किका वाया. सातव्या किकेला खोकला. वेल्डर म्हणाला, चोक दे. पेंटर म्हणाला, चोक काढ. तुझी वहिनी म्हणाली, सगळ्यांनी तोंडं बंद ठेवा. आठव्या किकेला लागलं. धाकट्या, काय सांगू तुला! आधी दोन ठोके चुकले, जसा माणूस झोपेतून उठल्यावर कुठे आहोत ते बघतो, आणि मग एक, एक, एक, एक, असा संथ, भरदार, प्रत्येक ठोक्यानंतर जरा थांबून पुढचा देणारा आवाज. शेजाऱ्याच्या खिडकीची तावदानं साथ करत होती. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. क्रँक गुळगुळीत. पंप चालू. तेल जिथे जायला हवं तिथे जात होतं. तुझ्या पुतणीने पोस्टमनला फोन लावून इंजिनाजवळ धरला. तो पाच मिनिटं ऐकत राहिला, मग म्हणाला, "मागचा टॅपेट जरा सैल आहे." आणि होता! माझ्या कानाला ऐकू आला नव्हता. पाव सूत रडत होता आणि धूर डोळ्यांत गेला म्हणत होता. धूर दुसऱ्या बाजूला जात होता. ते पॅकिंग आता काचेच्या चौकटीत वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. खाली तुझ्या पुतणीने लिहिलंय, 'आमच्या संस्थापकांनी कापलेले. मोजून पाहावे.' गिऱ्हाइकं विचारतात आणि ती सगळी गोष्ट सांगते, खरी. माझ्यापेक्षा रंगवून सांगते. वेल्डर निघताना म्हणाला, सगळं ठीक, पण त्या थोबाडीचं काय? मी म्हणालो, गाल माझ्याजवळच आहे, तो येईल तेव्हा बघून घेईल. तुझ्या व्याह्यांना मी स्वतः फोन केला. त्यांनाही सांगितलं.

आता शेवटचं, आणि हे मी अंगणात बोललो नाही, तुझ्या वहिनीलाही सांगितलं नाही. मुलांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. शर्यतीआधी आपलं ठरलं होतं की काही बिघडल्यासारखं वाटलं तर मी लाल फडका हलवायचा आणि तू बाहेर यायचं. दुसऱ्या फेरीत तू माझ्यासमोरून गेलास तेव्हा मी ऐकलं. तळातून आलेली जाड गुरगुर, क्रँक तेल मागत असल्याची. एवढ्या गोंगाटात दुसऱ्या कोणाला ती कळली नसती, मला कळली. फडका हातात होता. तू सगळ्यांच्या पुढे होतास, लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, आणि मला जिंकायचं होतं. मी फडका खिशात घातला. पुढच्या फेरीत तू पडलास. तुला मारलं ते तू तेल बघितलं नाहीस म्हणून नव्हे. मी ऐकलं होतं म्हणून. पॅकिंग ही चूक होती. फडका ही चूक नव्हती. हे फोनवर जमेना, म्हणून पत्र, आणि पोस्टाने नाही, टेम्पोवाल्याच्या हाती. आधी पत्र द्यायचं आणि ताडपत्रीखाली काय आहे ते सांगायचं नाही अशी त्याला तंबी आहे. एव्हाना वैतागला असेल बिचारा, त्याला बसायला दे. ताडपत्रीखाली आपली गाडी आहे. आता तुझी, कागद तुझ्या नावावर करून सीटखाली ठेवलेत. मी ती अंगणाबाहेर नेलेली नाही. नव्याने बांधलेल्या इंजिनाचे पहिले पाचशे किलोमीटर हळू आणि एकाच हाताने व्हायला हवेत, आणि तो हात माझा नव्हे. नको असेल तर तशीच परत पाठव, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण बोलणार नाही. ठेवलीस तर पाचशे झाल्यावर तिच्यावरून इकडे ये. मी फाटकात उभा असेन, लांबूनच ओळखेन. किक मारायच्या आधी तेल बघून घे, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. तू बघतोस.

तुझाच,
दादा